हायड्रंट गोठलाय की जाम झालाय? सोसायटीतला अडकलेला व्हॉल्व मोकळा करायची रीत

आमच्या माहीमच्या चौदा मजली इमारतीत सहाव्या मजल्यावरचा हायड्रंट, म्हणजे आग विझवायच्या पाण्याचा नळ, उघडायला दोन माणसं, एक पाना आणि पावणेदोन तास लागले. नशीब एवढंच की त्या दिवशी आग नव्हती, नुसती तपासणी होती. व्हॉल्वचं चक्र जागचं हलेना तेव्हा मिस्त्री काकांनी हात झटकले आणि म्हणाले, "साहेब, हा बसवल्यापासून कुणी फिरवलेलाच नाही." मी तेव्हा नुकताच सेक्रेटरी झालो होतो. इमारतीत प्रत्येक मजल्यावर लाल पेटी आहे एवढीच माझी त्या विषयातली माहिती.

माझी भाची अमेरिकेत मिनियापोलिसला असते. तिला हे फोनवर सांगितलं तर ती हसली. "मामा, आमच्याकडे हायड्रंट गोठतात. तुमच्याकडे थंडी नाही, मग अडकायला काय झालं?" प्रश्न बरोबर होता, म्हणून मी दोन्ही गोष्टी नीट समजून घेतल्या. आधी तिच्याकडची सांगतो, कारण इंटरनेटवर शोधलं की तिथलेच उपाय समोर येतात आणि ते इकडे केले तर नुकसान होतं.

तिकडे रस्त्याकडेला जे ठेंगणे खांब दिसतात ते आतून कोरडे असतात. खरा व्हॉल्व जमिनीत खोल, माती जिथवर गोठते त्याच्याही खाली बसवलेला असतो. डोक्यावरचा नट फिरवला की लांब दांड्याने खालचा व्हॉल्व उघडतो आणि पाणी वर चढतं. पूर्ण बंद केला की तळाची बारीक भोकं उघडतात आणि खांबात उरलेलं पाणी भोवतालच्या खडीत झिरपून जातं. ही भोकं मातीने बुजली, जमिनीतलं पाणी वर आलं किंवा कुणी व्हॉल्व अर्धवट बंद केला, की पाणी आतच उभं राहतं आणि कडाक्याच्या थंडीत त्याचा बर्फाचा दट्ट्या होतो. म्हणून तिथले कर्मचारी थंडीआधी झाकण काढून दोरीला वजन बांधून आत सोडतात. दोरी ओली आली तर पाणी पंपाने उपसून काढतात. वजन मध्येच टेकलं तर आत बर्फ आहे, मग वाफ किंवा गरम पाणी सोडून तो वितळवतात.

आपल्याकडे सांताक्रूझला नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२चं. पाणी गोठायचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे आपले हायड्रंट कायम पाण्याने भरलेले आणि दाबाखाली असतात, आणि तसेच असायला हवेत. आपल्याकडे व्हॉल्व अडकतो तो खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, रंगाऱ्याचा ब्रश आणि वर्षानुवर्षं कुणी हात न लावणं, या चौघांमुळे. त्यावर ब्लोटॉर्च चालत नाही. आतला वॉशर रबराचा, शेजारी कापडी होज (पाण्याचा लांब लवचिक पाईप), आणि मुंबईतल्या बऱ्याच इमारतींत त्याच डक्टमधून, म्हणजे पाईपांच्या उभ्या पोकळीतून, विजेच्या केबली गेलेल्या. आग विझवायच्या पेटीत ज्वाला घेऊन जाणारा माणूस मी एकदा पाहिलाय. त्याला जिन्यातूनच परत पाठवला.

हे काम जानेवारीतच का

दोन कारणं. पहिलं हवेचं. पावसाळ्यात ओला झालेला गंज ऑक्टोबरच्या उन्हात सुकून घट्ट बसतो, आणि डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत काम करणं सोपं जातं. तेल मुरतं, रंग धरतो, धुतलेला होज दोन दिवसांत वाळतो. हेच काम जुलैत काढलं तर होजला बुरशी येते.

दुसरं कायद्याचं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे सोसायटीत आपलीच. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून 'फॉर्म बी', म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, घेऊन अग्निशमन दलाकडे द्यावा लागतो. आमच्याकडे काही वर्षं हा फॉर्म यायचा, फाईलला लागायचा, पण वर चढून एकही चक्र फिरवलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आता मी एजन्सीच्या माणसाबरोबर चौदाही मजले स्वतः चढतो. गुडघे कुरकुरतात, पण सही करताना हात थरथरत नाही.

कोणी काय करायचं तेही आधीच ठरवा. पाहणी, साफसफाई, तेल घालणं, पेटी रिकामी करणं हे सोसायटीने आपल्या माणसांकडून करून घ्यावं. लाइन रिकामी करणं, ग्लँड (चक्राचा दांडा आत शिरतो ती जागा) उघडणं, वॉशर बदलणं, पंप आणि पॅनलला हात लावणं हे परवानाधारक एजन्सीचं काम. पुढे सगळ्या पायऱ्या सांगितल्या आहेत त्या यासाठी की समोरचा माणूस काय करतोय आणि काय टाळतोय हे तुम्हाला कळावं.

आधी आपली लाइन ओळखा

इमारतीत साधारण दोनपैकी एक रचना असते. एक, वेट रायझर. जमिनीखालच्या टाकीतून पंप पाणी वर ढकलतो, उभा पाईप कायम भरलेला, आणि बारीकसारीक गळतीने दाब उतरला की छोटा जॉकी पंप आपोआप चालू होऊन तो भरून काढतो. दुसरी, डाऊन कमर. इथे पाणी गच्चीवरच्या टाकीतून खाली येतं. दर दहा मीटर उतरंडीला चौरस सेंटिमीटरमागे एक किलो दाब मिळतो, म्हणजे आमच्याएवढ्या उंचीला तळमजल्यावर चार किलो आणि वरून दुसऱ्या मजल्यावर जेमतेम अर्धा. म्हणूनच गच्चीवर बूस्टर पंप असतो. तो बिघडला की सर्वांत वरच्या लोकांकडे हायड्रंटमधून नुसती धार पडते, फवारा नाही. तुमच्याकडे यातलं काय आहे ते अग्निशमन दलाच्या ना-हरकत पत्रात लिहिलेलं असतं. ते पत्र शोधा. आमचं गच्चीच्या खोलीत गणपतीच्या मखराखाली सापडलं.

प्रत्येक मजल्यावरच्या पेटीत जो व्हॉल्व असतो त्याला लँडिंग व्हॉल्व म्हणतात. तोंड ६३ मिलिमीटरचं, खाली झुकलेलं. त्यावर ब्लँक कॅप, म्हणजे साखळीला बांधलेलं टोपण, आणि बाजूला दोन लग. लग म्हणजे स्प्रिंगवर बसलेले कान, ते ओढले की टोपण सुटतं आणि तिथे होज जोडता येतो. व्हॉल्वचं अंग बहुतेक ठिकाणी गनमेटलचं असतं, ते गंजत नाही. गंजतं ते वरचं लोखंडी चक्र आणि त्याचा नट.

हात न लावता पाहणी

एक वही, खडू, बॅटरी आणि मोबाईल घेऊन गच्चीपासून खाली या. वरून खाली, कारण उतरताना दम लागत नाही आणि लक्ष राहतं. प्रत्येक पेटीवर खडूने मजल्याचा आकडा घाला आणि फोटो काढा.

पेटीत काय सापडेल याची यादी मनोरंजक असते. आमच्याकडे सापडलं: झाडू, दोन छत्र्या, दुधाच्या पिशव्यांचा गठ्ठा, कुणाच्या तरी मुलाचे स्केट्स, आणि अकराव्या मजल्यावर व्हॉल्वच्या तोंडात कुंभारमाशीचं मातीचं घरटं. तिथलं टोपण कधी गेलं कुणास ठाऊक. दोन मजल्यांवर ब्रांच पाईपच, म्हणजे होजच्या टोकाला लावायची धातूची नळी, नव्हते. पितळ आणि गनमेटलला भंगारात भाव असतो, त्यामुळे हे तुकडे चोरीला जातात. मोजणी वहीत हवीच.

चक्राकडे बघताना चार गोष्टी शोधा. स्पिंडल, म्हणजे चक्राखालचा आटे पाडलेला दांडा, रंगवलेला आहे का? सोसायटीचा रंगारी लाल ब्रश घेऊन सुटला की तो आटे, लग, साखळी सगळंच लाल करतो. माझ्या मते मुंबईतले निम्मे हायड्रंट रंगाने जाम झालेत, गंजाने नव्हे. दुसरं, आट्यांवर हिरवट थर आहे का. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, त्याच जातीचा हा थर. समुद्राकडच्या बाजूला तो जाड असतो. आमच्या पश्चिमेकडच्या जिन्यातले व्हॉल्व पूर्वेकडच्यांपेक्षा उघड उघड वाईट निघाले. तिसरं, तोंडाखाली भिंतीवर पाण्याचा ओघळ. म्हणजे व्हॉल्व गळतोय आणि टोपणाच्या आत दाब असू शकतो. चौथं, चक्राच्या कडेला पान्याचे दातरे. म्हणजे आधी कुणीतरी जोर लावून बघितलाय. असा व्हॉल्व सरळ एजन्सीसाठी बाजूला ठेवा.

कामाच्या दिवसाची तयारी

नोटीस दोन दिवस आधी लावा. त्यात तारीख, वेळ आणि "या वेळेत आग विझवण्याची लाइन बंद राहील" हे स्पष्ट लिहा. काम सकाळी सुरू करून संध्याकाळच्या आत संपवायचं. अर्धी लाइन रात्रभर रिकामी ठेवायची नाही, मिस्त्री कितीही "उद्या येतो" म्हणोत. तेवढ्या वेळात मजल्यांवरचे अग्निशामक सिलिंडर भरलेले आहेत का ते बघा आणि एका वॉचमनला फक्त फेऱ्या मारायला ठेवा.

मग पंपरूम. इथे एक पायरी चुकली तर पाण्याचा तमाशा होतो. पॅनलवर प्रत्येक पंपाला ऑटो, ऑफ आणि मॅन्युअल असा स्विच असतो. लाइनचा दाब उतरला की ऑटोवरचा मुख्य पंप धाडकन सुरू होतो. वर कुणी व्हॉल्व उघडून बसलेलं असताना हे झालं तर जिना, लिफ्टचा खड्डा, मीटररूम सगळीकडे पाणी. मुख्य पंप आपोआप सुरू होतो पण आपोआप बंद होत नाही, तो हाताने बंद करावा लागतो. म्हणून आधी सगळे पंप ऑफ करा आणि पॅनलवर मोठ्या अक्षरात कागद चिकटवा: काम चालू आहे, कोण करतंय, किती वाजता सुरू केलं.

हा कागद काढायची आणि स्विच परत ऑटोवर न्यायची जबाबदारी एकाच माणसाची असू द्या. आमच्याकडे पहिल्या वर्षी ती "सगळ्यांची" होती. काम झालं, चहा झाला, मिस्त्री गेले आणि पंप नऊ दिवस बंद राहिले. कळलं ते रात्रपाळीच्या वॉचमनमुळे. तो म्हणाला, साहेब, हल्ली रात्री छोटी मोटर वाजत नाही. जॉकी पंपाची ती घुर्र त्याच्या कानाला सवयीची होती. त्या नऊ दिवसांचा हिशेब मी कुणाला मागणार? पॅनलची किल्ली माझ्याच खिशात होती.

पाणी उतरवणं

वेट रायझर असेल तर पंपाच्या पुढचा व्हॉल्व बंद, डाऊन कमर असेल तर गच्चीच्या टाकीखालचा. मग सर्वांत खालच्या ड्रेनमधून पाणी सोडायचं. वरून हवा आत शिरायला वाट लागते, नाहीतर बाटली उलटी धरल्यासारखं पाणी अडखळत राहतं. त्यासाठी वरच्या मजल्यावरचा जो व्हॉल्व सहज उघडतो तो उघडा ठेवा.

पाणी किती निघेल याचा अंदाज असू द्या. १०० मिलिमीटरच्या पाईपमध्ये मीटरला जवळजवळ ८ लिटर बसतं, म्हणजे ४५ मीटर उंचीला साडेतीनशे लिटर. १५० मिलिमीटरचा पाईप असेल तर आठशे. वर्षानुवर्षं साठलेलं हे पाणी चहासारखं तांबूस येतं. आवार धुवायला चालतं, टाकीत परत घेऊ नका.

टोपण काढताना

लाइन रिकामी केली म्हणून टोपणामागे दाब नाही असं धरू नका. गळक्या व्हॉल्वमागे अडकलेलं पाणी तसंच असतं. ६३ मिलिमीटर तोंडाचं क्षेत्रफळ ३१ चौरस सेंटिमीटर होतं. चार किलो दाब असेल तर टोपणावर सव्वाशे किलोचा रेटा येतो. तोंडासमोर चेहरा नेणाऱ्याचे दात जातील.

बाजूला उभं राहा. दोन्ही लग बोटांनी ओढून बघा. सहज आले तर दाब नाही. कडक लागले तर दोन शक्यता: आत दाब आहे, किंवा लगवर रंग बसलाय. हातोडी मारून फरक कळत नाही. आधी रंग खरवडून लगमध्ये तेलाचे दोन थेंब सोडा, दहा मिनिटं थांबा, परत ओढा. तरीही कडक असेल आणि टोपणाच्या कडेला पाण्याचा थेंब चमकत असेल, तर दाबच आहे. लाइन पूर्ण उतरल्याची खात्री होईपर्यंत त्या मजल्याला हात लावू नका.

अडकलेलं चक्र सोडवणं

आता मूळ काम. इथे घाई करणारा माणूस नको. आमच्या सहाव्या मजल्यावर पावणेदोन तास गेले त्यातला सव्वा तास नुसता वाट बघण्यात गेला, आणि तोच वेळ सत्कारणी लागला.

स्पिंडलचे आटे पितळी ब्रशने घासा. लोखंडी ब्रश गनमेटलवर ओरखडे पाडतो. आट्यांच्या खाचांतला रंग जाड सुईने किंवा जुन्या टूथब्रशने काढा. रंग काढायचं रसायन शक्यतो नको, ते ओघळून रबरावर जातं. मग गंज सोडवणारं तेल, डब्ल्यूडी-४० किंवा तसलं कुठलंही, स्पिंडल जिथे आत शिरतो तिथे मारा. त्या जागेला ग्लँड म्हणतात. आत ग्रॅफाइट लावलेली दोरी गुंडाळलेली असते, ती पाणी वर झिरपू देत नाही. फिरवलाच नाही तर ही दोरी वाळून लाकडासारखी होते आणि दांड्याला धरून बसते. तेल मारल्यावर निदान अर्धा तास. फारच वाईट असेल तर आदल्या संध्याकाळीच मारून ठेवा.

तेल मुरत असताना लाकडी हातोडीने ग्लँडच्या भोवती हलके ठोके द्या. नारळ फोडताना नव्हे, पापडाची लाटी ठोकताना देतो तसे. कंपनाने थर सैल होतो आणि तेल खाली उतरतं. चक्रावर ठोकू नका, बीडाचं चक्र असेल तर तडकतं.

लाइन रिकामी आहे याची परत एकदा खात्री करून ग्लँडचा नट पाव आटा सैल करा. बहुतेक वेळा इथेच अर्धी पकड सुटते. उरलेली पकड खाली वॉशरची असते. कुणीतरी कधीतरी गळती थांबवायला चक्र जिवाच्या आकांताने आवळलेलं असतं आणि रबर बसण्याच्या जागेला चिकटलेलं असतं.

आता चक्र धरा. पहिला जोर बंद करायच्या दिशेने, उजवीकडे, अगदी केसभर. लोक इथे चक्रावून माझ्याकडे बघतात. उघडायचंय तर बंद का करायचं? कारण चिकटलेला थर कुठल्याही दिशेने तुटला तरी चालतो, आणि सारखं एकाच बाजूला ओढत राहिलं तर दांडा पिळला जातो. मग डावीकडे केसभर, परत उजवीकडे, परत डावीकडे. लोणच्याच्या बरणीचं झाकण आजी अशीच सोडवायची. मध्येच एक 'कट' असा आवाज येतो. तो ऐकला की थांबा, परत तेल घाला आणि मगच पुढे जा.

हाताने नाहीच झालं तर चक्राला फडकं गुंडाळून छोटा पाना लावा. दोन फुटी पाईप अडकवून लोंबकळणं बंद. त्याने चक्र तुटतं, नाहीतर दांडा आतून तुटतो आणि चक्र गरागरा फिरत राहतं. मग सगळे खूश होतात की उघडला, आणि वॉशर खाली जागच्या जागीच असतो. उष्णता द्यायचीच असेल तर उकळत्या पाण्यात भिजवलेलं फडकं ग्लँडच्या भोवती पाच मिनिटं गुंडाळा, त्यापलीकडे नाही.

एकदा हलला की एक आटा पुढे, अर्धा मागे, असं करत शेवटपर्यंत न्या. किती आटे लागले ते मोजून वहीत लिहा. पुढच्या वेळी दोन आट्यांतच अडला तर काहीतरी बिघडलंय हे लगेच कळतं. तेल मुरल्यानंतरही तासाभरात दाद देत नाही तो व्हॉल्व बदला. सोसायटीच्या सभेत खर्चावरून वाद होईल, होऊ द्या.

परत जोडताना

व्हॉल्व खोललेलाच आहे तर वॉशर बघून घ्या. नखाने दाबला आणि खूण तशीच राहिली तर रबर मेलंय. ग्लँडची दोरीही याच वेळी बदला. स्पिंडलला पातळ ग्रीस द्या, पण तोंडाच्या आतल्या रबरी रिंगला पेट्रोलियमचं ग्रीस लावू नका, रबर फुगतं. तिथे साबणाचं पाणी पुरतं. रंग द्यायचा तर पाईपला आणि पेटीला. चक्राच्या खाली ब्रश जाता कामा नये, हे रंगाऱ्याला समोर उभं राहून सांगा.

लाइन भरताना वरचा एक व्हॉल्व थोडा उघडा ठेवून हळूहळू पाणी सोडा. आधी फुसफुसत हवा येते, मग थुंकल्यासारखं पाणी, मग सलग धार. सलग झाली की बंद. एकदम पाणी सोडलं तर कोंडलेल्या हवेमुळे पाईपला हादरे बसतात आणि जुने फ्लँज, म्हणजे पाईपांचे बोल्टचे सांधे, गळायला लागतात.

मग प्रत्येक मजल्यावर व्हॉल्व पूर्ण उघडून पूर्ण बंद. अर्धवट काही ठेवायचं नाही, एवढा एक धडा मिनियापोलिसचा आपल्यालाही लागू आहे. बंद करताना हाताच्या साध्या जोराने. ग्लँडमधून थेंब येत असेल तर नट अगदी थोडा आवळा, थेंब थांबला की थांबा.

खरी परीक्षा गच्चीजवळच्या मजल्यावर. होज आणि ब्रांच पाईप जोडा, दोन धट्टीकट्टी माणसं धरायला, नोझल गच्चीच्या मोकळ्या बाजूला, आणि पंप ऑटोवर. व्हॉल्व उघडला की खाली जॉकी, आणि दाब आणखी उतरला की मुख्य पंप, असे क्रमाने सुरू व्हायला हवेत. पंपरूममध्ये फोन घेऊन एक माणूस उभा हवा. सर्वांत वर साडेतीन किलोच्या आसपास दाब मिळाला पाहिजे. एकट्या माणसाच्या हातात हा होज देऊ नका, नोझल मागे रेटतं आणि हातातून सुटलं तर सापासारखं फटके मारतं. रहिवाशांनी आगीत वापरायचा तो पेटीतला रबरी होज रील, हा जाड होज नव्हे. आग लागल्यावर आधी १०१, मग बाकीचं. जवान आले की ते बहुधा आगीच्या खालच्या मजल्यावरून लाइन जोडतात, म्हणून एका मजल्याचा व्हॉल्व अडलेला असेल तर तो दोन मजल्यांना नडतो.

भिजलेला होज तसाच गुंडाळून पेटीत कोंबू नका. जिन्यातून उभा लटकवा, पूर्ण वाळला की गुंडाळा.

गेटजवळचं तोंड आणि आवारातले हायड्रंट

गेटजवळ भिंतीवर दोन किंवा चार तोंडांचा एक इनलेट असतो. आपला पंप बंद पडला तर बंबवाले त्यातून आपल्या लाइनमध्ये पाणी ढकलतात. मुंबईत पालिकेचं पाणी ठरावीक वेळीच येतं, आणि रस्त्यावरचे जुने हायड्रंट डांबराचे थर चढत गेले तसे बरेचसे गाडले गेलेत. त्यामुळे बंब आणि टँकरमधलं पाणी याच तोंडातून वर चढणार. आमच्याकडे त्याच्यासमोर एका सभासदाची मोटार उभी असायची, बारा वर्षं. टोपणं काढून आत बॅटरी मारा, दगड, कागद, उंदराचं बीळ, काहीही निघतं. आतला एकेरी व्हॉल्व बाहेर पाणी सोडत नाही ना ते बघा. शेजारी पाटी हवी, आणि जमिनीवर पिवळा चौकोन.

आवारातल्या हायड्रंटचं काम वेगळं नाही, फक्त पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्याने त्याच्या चेंबरवर फरशी टाकलेली नाही ना एवढं शोधावं लागतं. चेंबरमध्ये चिखल भरला असेल तर उपसून खाली खडी घाला. मिनियापोलिसला भाची थंडीत घरासमोरच्या हायड्रंटभोवतीचा बर्फ फावड्याने काढते. आपण स्कूटर हलवायच्या.

वहीत काय लिहायचं

मजला, तारीख, किती आटे, कोणता भाग बदलला, होज आणि ब्रांच पाईप आहेत की नाहीत, पंप ऑटोवर कुणी आणि किती वाजता केला, त्याची सही. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, तो मी लाल शाईने आखलाय. यानंतर दर तीन महिन्यांनी वॉचमनने टोपण न काढता प्रत्येक चक्र पाव आटा सैल करून परत बसवायचं. चौदा मजल्यांना पाऊण तास लागतो. टोपणाखाली थेंब दिसला तर वहीत खूण करायची आणि मला फोन. हे सुरू झाल्यापासून सहाव्या मजल्याचं चक्र दोन बोटांनी फिरतं.

पुढची फेरी मेच्या शेवटी, पाऊस लागायच्या आत. छत्र्या पेटीत ठेवू नयेत ही नोटीसही त्याच दिवशी लावणार आहे.